मोजून लिहिलेलं शून्य

"मॅडम, ह्याच्यात काहीच नाहीये. जरा पुढे टाकू का?"

लातूरहून आलेला एमएस्सीचा एक मुलगा सड्यावर उकिडवा बसून विचारत होता. त्याच्यासमोर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची चौकट पडली होती, चारही बाजू एक-एक मीटरच्या. आत काळपट जांभा, एका कोपऱ्यात ओंजळभर साचलेलं पाणी, बाकी शेवाळाचा पातळ थर. हातभर अंतरावर सीतेच्या आसवांची जांभळी फुलं इतकी दाट होती की खालचा दगड दिसत नव्हता. चौकट तीन फूट सरकवली असती तर त्याचा कागद भरून गेला असता.

"नाही. शून्य लिही," मॅडम म्हणाल्या. "पण लिहिण्याआधी गुडघे टेकून पाच मिनिटं नीट बघ."

तो ओल्या दगडावर गुडघे टेकून बसला. भेगा बघितल्या, शेवाळाच्या कडेला बोट फिरवलं, पाण्यात वाकून पाहिलं. पाच मिनिटांनी त्यानं तक्त्यात लिहिलं : जांभा ८५ टक्के, शेवाळ १०, पाणी ५, सपुष्प वनस्पती ०. मग चौकट उचलून तो पुढच्या आकड्याकडे निघाला.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'मोजमाप' हा विषय दिला, तेव्हा माझ्या मनात आली ती न बोलणाऱ्यांची मोजणी. माणसांच्या दारात प्रगणक येतो, फॉर्म भरून घेतो. गवताला, बेडकाला, फुलपाखराला कोण विचारतं? आणि विचारायचं म्हटलं तर ते शिकवतात कसं? म्हणून सप्टेंबरमध्ये आंबोलीजवळच्या चौकुळला पाच दिवसांच्या एका शिबिरात जाऊन बसलो. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे बावीस विद्यार्थी, तीन शिक्षक, दोन वनरक्षक आणि मी. शिकवणं सड्यावर आणि जंगलात, जेवण गावातल्या एका घराच्या पडवीत, रात्रीचं काम हॉलमध्ये.

सडा म्हणजे घाटमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. मूळ खडक काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांत तो लाखो वर्षं कुजत, झिजत गेला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि हा तांबडा, जाळीदार दगड तयार झाला. उन्हाळ्यात इथे अनवाणी पाय ठेववत नाही. माती जेमतेम बोटभर, तीही खळग्यांत. सातबाऱ्यावर अशा जमिनी बहुधा 'पोटखराबा' म्हणून लागलेल्या असतात, म्हणजे पिकाला निरुपयोगी. हा शब्द लिहिणाऱ्यानं सड्यावर गुडघे टेकले नव्हते. न पाहता लिहिलेलं 'काही नाही' आणि पाच मिनिटं गुडघ्यावर बसून लिहिलेलं शून्य कागदावर सारखंच दिसतं. मधलं अंतर केवढं असतं, ते मी या पाच दिवसांत शिकलो.

चौकट कुठे पडते

पहिल्या दिवशी सकाळी मुलांना नुसतं सांगितलं होतं, "प्रत्येकानं तीन चौकटी टाका आणि आतल्या जाती मोजा." अर्ध्या तासानं सगळे परतले, तेव्हा बावीसच्या बावीस जणांच्या चौकटी फुलांवर पडल्या होत्या. कुणी मुद्दाम फसवलं नव्हतं. पाय आपोआप रंगाकडे वळले होते. त्या कागदांवरून कुणी निष्कर्ष काढला असता, तर चौकुळचा सडा कडेपासून कडेपर्यंत फुलांनी भरला आहे असंच निघालं असतं.

"मग डोळे मिटून फेकू?" एका मुलीनं विचारलं. तेही चालत नाही. माणूस फेकतो तेव्हा हात स्वतःच्या पुढ्यात, सोयीच्या अंतरावर फेकतो. चिखलात, काट्यात, उतारावर चौकट पडत नाही. म्हणून पन्नास मीटरची टेप सरळ अंथरायची आणि आकडे दुसऱ्यानं द्यायचे. मोबाइलनं दिला ३७ आणि १२, की टेपवर सदतिसाव्या मीटरला जायचं, तिथून काटकोनात बारा पावलं आणि तिथेच चौकट. मग ती शेणावर पडो, डबक्यात पडो की कोरड्या दगडावर.

यातही एक गोची आहे. सड्यावर पसरलेला उघडा दगड जास्त, मातीचे खळगे त्याहून कमी आणि पाण्याची कुंडं अगदी थोडी. नुसत्या नशिबावर सोडलं तर वीस चौकटींतली एकही कुंडात पडणार नाही आणि कुंडातच वाढणाऱ्या वनस्पती वहीतून गळून जातील. म्हणून आधी सड्याचे भाग पाडतात : उघडा जांभा, भेगा, खळगे, कुंडं, कडेची झुडपं. प्रत्येक भागाला चौकटी वाटून देतात आणि त्या भागात जागा आकड्यांनी ठरवतात. निवड कुठे आपली आणि कुठे आपली नाही, याची सीमा आधीच आखलेली असते.

एकूण किती चौकटी पुरेशा, याचं उत्तर सडाच देतो. आमच्या गटाला खळग्यातल्या पहिल्या चौकटीत सहा जाती मिळाल्या, दुसरीत तीन नव्या, तिसरीत दोन. बारावीनंतर सलग चार चौकटींत एकही नवी जात आली नाही. मुलांनी आलेख काढला तेव्हा रेघ आधी चढत गेली आणि मग आडवी झाली. रेघ आडवी होईपर्यंत थांबायचं नाही. कंटाळा मात्र बराच आधी येतो.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते टक्क्यांच्या अंदाजानं. चौकटीचा किती भाग गवतानं झाकलाय? एकाच चौकटीकडे बघून कुणी वीस म्हणालं, कुणी पंचेचाळीस. मॅडमनी पुठ्ठ्याचा दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून सगळ्यांच्या हातात दिला. मीटरच्या चौकटीत असा एक चौकोन म्हणजे बरोब्बर एक टक्का. तो मनातल्या मनात गवतावर मांडत जायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच वीस आणि पंचेचाळीसवाले तीस आणि चौतीसवर आले होते. तरीही एका चौकटीचा अंदाज एकच माणूस पूर्ण पाच दिवस देत नसे. जोड्या बदलत आणि वहीत अंदाज करणाऱ्याची आद्याक्षरं लिहिली जात, म्हणजे कुणाचा डोळा सढळ आहे ते मागाहून कळावं.

भिंगाखाली

मोजायचं तर नाव हवं, आणि नाव सहज मिळत नाही. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग दोरीनं गळ्यात अडकवलेलं असतं. ते वापरायची रीतही शिकावी लागते : भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि फूल भिंगाकडे आणायचं. बहुतेकजण उलट करतात, भिंग फुलाजवळ नेतात आणि काहीच दिसत नाही.

मी पहिल्यांदा सीतेचं आसू असं पाहिलं. वर नखाएवढं जांभळं फूल, मागे निमुळती सोंड, देठ दोऱ्याइतका बारीक. फुलापाशी पान म्हणावं असं काही नाही. मॅडमनी सुईच्या टोकानं ओली माती हलकेच सारली तर खाली पांढरट धाग्यांवर बारीक मण्यांसारख्या पिशव्या लगडलेल्या, जेमतेम मिलिमीटरच्या. प्रत्येक पिशवीला झडप असते. पाण्यातला सूक्ष्म जीव झडपेजवळच्या केसाला लागला की सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात झडप उघडते, पाण्यासकट जीव आत ओढला जातो आणि झडप मिटते. सड्यावरच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून ही वनस्पती ते प्राण्यांकडून मिळवते. शेजारीच लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब मिरवणारा दवबिंदू उभा होता, तोही कीटकभक्षी. सातबाऱ्यावरच्या पोटखराब्यात हे सगळं चाललेलं असतं.

गेंदाची पांढरी बोंडं मात्र मुलांना रडवतात. लांबून सगळी सारखी, टाचणीच्या डोक्यासारखी. जात नक्की करायची तर मादी फुलाची रचना आणि बियांवरची नक्षी पाहावी लागते आणि त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. त्यामुळे वहीत सरळ लिहायचं : 'गेंद – क'. दुसरा वेगळा दिसला तर 'गेंद – ख'. नाव माहीत नसताना ठोकून दिलेलं नाव वहीतलं सगळ्यांत घातक. 'क' पुढे दुरुस्त करता येतो. चुकीचं नाव खरं समजून पुढच्या दहा वह्यांत उतरवलं जातं.

नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते आणि तीही मर्यादित. आसपास वीस रोपं असतील तर एक घ्यायचं, हा मुलांना दिलेला नियम. रोप मुळासकट, फुलाफळासकट घेतात, वर्तमानपत्राच्या घडीत पसरतात, एक पान मुद्दाम उलटं ठेवतात, म्हणजे पाठ दिसेल. वर लाकडी प्रेस आवळतात. पावसात रोज कागद बदलावे लागतात, नाहीतर दोन दिवसांत बुरशी. हॉलमध्ये रात्री अकरा वाजता दोन मुली इस्त्री फिरवून वर्तमानपत्रं वाळवत बसलेल्या मी पाहिल्या. चिठ्ठीवर जागा, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचा क्रमांक आणि न विसरता फुलाचा रंग. वाळल्यावर जांभळं, निळं, गुलाबी सगळं तपकिरी होतं. आज रंग लिहिला नाही तर तो कायमचा गेला.

छातीच्या उंचीवर

तिसऱ्या दिवशी जंगलात झाडं. ऐकताना हे काम सोपं वाटतं : दहा मीटर बाय दहा मीटरचा चौरस दोरीनं आखायचा आणि आतल्या झाडांचा घेर मोजायचा. घेर छातीच्या उंचीवर घेतात, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर. पण छाती कुणाची? उंच मुलाची आणि बुटक्या मुलीची वेगळी. म्हणून बांबूच्या काठीवर १.३७ ला खाच करून घेतली. झाड उतारावर असेल तर काठी चढाच्या बाजूनं लावायची. खोडाला गाठ असेल तर गाठीच्या वर. वेल चढली असेल तर टेप वेलीखालून सरकवायची, वेल कापायची नाही.

आणि मग येते अंजनी. आंबोलीच्या जंगलात ती जागोजाग आहे, निळ्याजांभळ्या फुलांची, आणि एकाच बुंध्यातून चार-पाच खोडं फुटलेली. हे झाड एक की पाच? एका गटानं एक मोजलं, दुसऱ्यानं पाच. दोन्ही गट तासभर वाद घालत होते. वनरक्षक शांतपणे म्हणाला, "काय ते आधी ठरवा, पानावर लिहून ठेवा, मग सगळीकडे तसंच करा." पुढे ठरलं : खोडं वेगळी मोजायची, पण कंसात बुंधा एकच असल्याचं लिहायचं. ही तीन शब्दांची टीप नसती तर पुढच्या वर्षी येणाऱ्याला जंगल अचानक दाट झालेलं दिसलं असतं.

पक्षी मोजायला पहाटे निघालो. ठरलेल्या जागी उभं राहायचं, दोन मिनिटं नुसतं थांबायचं, म्हणजे आपल्या येण्यानं दबलेले आवाज परत सुरू होतात. मग दहा मिनिटं दिसेल आणि ऐकू येईल ते अंतरासकट लिहायचं. धुक्यात दिसलं जवळजवळ काहीच नाही. शीळकरी कस्तुराची लांब शीळ आली, कुटुरगा एकसारखा कुटुर्र कुटुर्र करत राहिला, बुलबुल दोन. एका मुलानं कुटुरगा चार लिहिले होते. सरांनी विचारलं, "चार पक्षी की एकच चार वेळा?" त्यानं खोडलं आणि दोन केले, कारण दोन एकाच वेळी दोन दिशांना बोलताना त्यानं ऐकले होते. तेवढ्याचाच पुरावा होता.

मोजणारे आणखी एक प्रश्न सतत मनात ठेवतात : जे होतं पण दिसलं नाही, त्याचं काय? दाट झाडीत तीस मीटरपलीकडचा गप्प पक्षी सुटतोच. उघड्या सड्यावर तोच दोनशे मीटरवरून दिसतो. कच्चे आकडे समोरासमोर ठेवले तर सड्यावर पक्षी जास्त असं निघेल, आणि ते खोटं असेल. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे अंतर लिहितात. लांबच्या नोंदी किती झपाट्यानं कमी होतात त्यावरून न दिसलेल्यांचा हिशेब करता येतो. फुलपाखरांसाठी ब्रिटनमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी बसवलेली पद्धत ही अडचण वेगळ्या रीतीनं सोडवते. ठरलेल्या वाटेवर एका संथ चालीनं जायचं आणि आपल्याभोवतीच्या कल्पित पेटीत, पाच मीटर पुढे आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, जेवढी दिसतील तेवढीच मोजायची. पेटीबाहेरून नीलवंत गेलं तरी ते तक्त्यात घ्यायचं नाही. मुलांना हे फार जड गेलं. राज्याचं फुलपाखरू समोरून झुलत जातंय आणि पेन्सिल थांबवायची!

भांडंभर पावटे

त्या रात्री हॉलमध्ये एक ॲल्युमिनियमचं पातेलं आलं, पावट्यांनी भरलेलं. एकूण किती, ते फक्त सरांना माहीत. एका मुलीनं मूठ-मूठ करत पन्नास पावटे काढले, प्रत्येकावर मार्करनं काळा ठिपका दिला, परत टाकले आणि पातेलं चांगलं ढवळलं. मग दुसऱ्यानं न बघता साठ काढले. त्यांत ठिपकेवाले निघाले आठ. हिशेब असा : साठात आठ ठिपकेवाले आहेत, तर पूर्ण पातेल्यात पन्नास ठिपकेवाले असायला एकूण पावटे किती असतील? पन्नास गुणिले साठ भागिले आठ, तीनशे पंचाहत्तर. सरांनी चिठ्ठी उघडली, चारशे बारा. सगळे पावटे न मोजता माणूस इतका जवळ पोचतो. पुन्हा केलं तर चारशे अठ्ठावीस आले. दहा वेळा केल्यावर आकडे चारशेच्या आसपास घोटाळत राहिले आणि मुलांना एकाच आकड्यावर विश्वास का ठेवायचा नाही तेही समजलं.

मग सरांनी दोन पावटे पातेल्याबाहेर ठेवले, दोन नवे टाकले. "हे जंगल. प्राणी मरतात, येतात, जातात." मग ठिपके पुसून टाकले. "ही वाहून गेलेली खूण." प्रत्येक गृहीतक मोडलं की उत्तर कुणीकडे सरकतं, ते मुलं पातेल्यावरच करून बघत होती. गणिताचा तास मी इतक्या लक्ष देऊन ऐकलेला आठवत नाही.

वाघाला ठिपका द्यावा लागत नाही, त्याचे पट्टे हीच त्याची खूण, दोन वाघांचे कधीच सारखे नसतात. १९९०च्या दशकात उल्हास कारंत यांनी नागरहोळेत कॅमेरे लावून पातेल्यातला हाच हिशेब वाघांवर केला. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं देशात वाघ पंजाच्या ठशांवरून मोजत. काचेवर ठसा गिरवायचा आणि प्रत्येक ठसा कुठल्या वाघाचा ते ओळखायचं. ओल्या मातीत आणि धुळीत एकाच वाघाचा ठसा वेगळा दिसतो, आणि ओळखणाऱ्याला किती वाघ 'असायला हवेत' हे आधीच माहीत असतं. सरिस्कात कागदावर वाघ होते. २००५ साली कळलं की जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर २००६च्या गणनेपासून पद्धत बदलली. २०१८च्या गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रं निघाली. पण आजही त्या गणनेची पहिली पायरी वनरक्षकाच्या पायांवर उभी आहे. आपल्या बीटमध्ये तो ठरलेल्या वाटांवर चालतो, विष्ठा, ठसे, ओरखडे टिपतो आणि चितळ-सांबर मोजतो. आमच्यातला एक वनरक्षक त्या कामात होता. तो म्हणाला, "पाच किलोमीटर चाललो आणि काही दिसलं नाही, तरी फॉर्म भरायचा असतो. नवीन पोरं तोच फॉर्म भरायला विसरतात."

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजायची जुनी रीत आहे. चांदणं स्वच्छ, उन्हाळ्यात पाणी थोडं, त्यामुळे प्राणी येणारच. आता तिला 'निसर्गानुभव' म्हणतात आणि हे नाव मला योग्य वाटतं. त्या रात्री एकच अस्वल दोनदा येऊन जातं, एखादा सांबर येतच नाही, शेजारच्या मचाणावरचा माणूस तोच बिबट्या पुन्हा लिहितो. त्यातून जंगलातली संख्या कळत नाही. रात्रभर गप्प बसायला मात्र माणूस शिकतो, आणि ते मोजणीच्या कामात फार लागतं.

वही पेन्सिलीची का

चौथ्या रात्री बेडूक. आंबोलीत वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो. सप्टेंबरात जोर ओसरलेला, तरी सगळ्या वस्तू ओल्या. त्या रात्री पेनं बंद पडली, एकाचा फोन भिजून बंद झाला, चालू राहिल्या त्या पेन्सिली. शाई पाण्यात पसरते, शिसं पसरत नाही, हा धडा प्रत्येक पिढी भिजल्यावरच शिकते.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी बूट जंतुनाशकात बुडवून घासले. बेडकांच्या त्वचेला होणारा बुरशीचा रोग एका डबक्यातून दुसऱ्यात माणसाच्या बुटांवरूनही जाऊ शकतो. मग शंभर मीटरचा पट्टा, दोन्ही बाजूंना दोन मीटर, तासभर, हेडलॅम्पच्या उजेडात. पानांखाली, फांद्यांवर, दगडाच्या कपारीत. एका झुडपावर मलबारी चापडा गुंडाळी करून बसला होता, हिरवा, न हलणारा. त्याच्यापासून काठीभर अंतर ठेवून सगळे पुढे गेले आणि वहीत त्याची उंची, तापमान, वेळ नोंदली गेली. झुडपी बेडूक आवाजावरून : टिक-टिक-टिक करणारा एक, रबर ताणून सोडल्यासारखा दुसरा. अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक एवढा आवाज काढतो, यावर पहिल्या रात्री कुणाचा विश्वास बसत नाही.

आंबोलीचा भेक, पिवळसर पट्ट्यांमुळे वाघाच्या नावानं ओळखला जाणारा, २००९ मध्ये नवी जात म्हणून जगापुढे आला. तो याच परिसरातला. पहिल्या पावसात जांभ्यावरच्या उथळ पाण्यात त्याची वीण होते आणि ते दिवस मोजके असतात. जूनमध्ये पाहायला आलं तर अंडी सापडतात, सप्टेंबरात सड्यावर कुणी नसल्यासारखं. आमच्या तासाभरात तो मिळाला नाही. मुलांनी शून्य लिहिलं आणि पुढे सहा जणांची साठ मिनिटं, तापमान, ढग, हलका पाऊस हेही लिहिलं. जूनमधल्या वीस आणि सप्टेंबरमधल्या शून्य यांचा अर्थ लावायचा तर याच ओळी लागतात.

आंबोलीजवळच्या हिरण्यकेशीच्या देवळातल्या कुंडावर भाविक कायम येतात. त्याच पाण्यातला बोटाएवढा मासा २०२० साली विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला, आणि पुढच्या वर्षी ती जागा राज्यानं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा तिथे होताच. कुणीतरी जाळं धरून, मापं घेऊन, इतर माशांशी ताडून बघायला तेवढा वेळ जावा लागला.

शंभर वर्षांचा कागद

शेवटच्या संध्याकाळी मॅडमनी एका गवताची गोष्ट सांगितली. ती सांगताना त्यांचा आवाज हलला. १९१९ साली सेजविक आणि बेल यांनी गिरसप्प्याच्या, म्हणजे जोगच्या धबधब्याजवळ एक नाजूक गवत गोळा केलं. त्याला पुढे हबार्डिया असं नाव मिळालं. त्यानंतर ते कुणाला दिसलं नाही आणि नामशेष झालं असं मानलं गेलं. उरले होते ते वनस्पतिसंग्रहातले वाळलेले तुकडे आणि धबधब्याच्या तुषारांत भिजणाऱ्या कड्याची नोंद. २००२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या तिलारीच्या घाटात तशाच ओल्या कड्यावर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना ते जिवंत सापडलं. चौकुळपासून ती जागा फार लांब नाही.

ऐंशीहून जास्त वर्षांनी ओळखता आलं, कारण कुणीतरी चिठ्ठीवर फक्त 'गवत' लिहून सोडून दिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आज रात्रीच्या चिठ्ठ्या २१०० साली कुणीतरी वाचणार आहे असं समजून लिहा." इस्त्री फिरवणाऱ्या त्या दोघी मुलींनी मग आपल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडून पुन्हा लिहिल्या. एकीनं 'चौकुळ' एवढ्यावर न थांबता सड्याच्या कुठल्या कडेला, पाणंदीपासून किती पावलं, तेही घातलं.

खूण

पाचव्या सकाळी दहा चौकटी कायमच्या म्हणून निवडायच्या होत्या. पुढच्या सप्टेंबरात नव्या मुलांनी येऊन तंतोतंत त्याच जागा मोजायच्या. मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटरनं इकडेतिकडे करतो आणि मीटरच्या चौकटीला ते चालत नाही. रंग जांभ्यावर एका पावसाळ्यात उडतो. मुलं दगडांची रास रचायला लागली.

सड्यावर म्हशी घेऊन आलेले एक आजोबा थोडा वेळ काठीवर हात ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "धोंडे ऱ्हवचे नाय. ढोरां उधळतली." ते पुढे होऊन दोन पावलं चालले आणि काठीनं एक वाटोळा खळगा दाखवला. "ह्यो बगून ठेवा. ह्येच्यातला पाणी दिवाळेपर्यंत आटना नाय."

मुलांनी त्या खळग्यापासून पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावली : चार मीटर साठ, नैर्ऋत्येला. मग आजोबांनी दुसऱ्या चौकटीसाठी दुधासारखा पांढरा डाग असलेली शिळा दाखवली, तिसरीसाठी एकटं उभं असलेलं करवंदीचं जाळं. दहाही खुणा झाल्या. मुलं आकडे लिहीत होती, आजोबा प्रत्येक खुणेपाशी थांबून काय काय फुलतं, कुठल्या नक्षत्रात फुलतं ते सांगत होते आणि लातूरचा तो मुलगा पेन्सिलीनं तेही बाजूच्या रकान्यात उतरवत होता.

जाताना आजोबांनी त्याला विचारलं, "फुडच्या वर्सा तुमीच येतलास मा?"

"मी नसेन आजोबा, दुसरे येतील. पण वही हीच असेल."

"मग माजा नाव घाला वहीत. तेंका सापडाक नाय, तर माका हाक मारतले."

मुलानं पहिलं पान उलटलं आणि खुणा दाखवणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. त्याखाली वाडी आणि घराची खूण.